माझ्या ताटावरचा माणूस

कॅन्सर मला झाला आणि जेवायला तो बसला. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, माझ्या ताटावर. आता नाकातली नळी निघाली आहे, तपासणीला गेलो की डॉक्टर मान हलवून "सब ठीक" म्हणतात, तरी त्या उन्हाळ्याचा विषय निघाला की मला ती गाठ आणि ते मशीन आधी आठवत नाही. आधी आठवतो तो दुपारी स्वयंपाकघरातून येणारा आमटीचा भुरका.

तो म्हणजे माझा मित्र. मी साताऱ्याकडून नोकरीसाठी झाशीला आलो तेव्हा कारखान्यात माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोललेला माणूस. त्याचं घराणं मात्र इथलंच. पूर्वी कधीतरी मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेलं आणि जुन्या शहराच्या वेशीत, ओरछा गेटच्या आत, कायमचं राहून गेलेलं. त्याच्या मराठीत अर्धी हिंदी आणि वर बुंदेलीची फोडणी असते. कशालाही "हो" म्हणायचं झालं की तो "हओ" म्हणतो. नोकरीभर कारखान्याच्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे विभागात, होतो, निवृत्तही मागेपुढेच झालो. मी इकडे नगरा मोहल्ल्यात घर बांधलं, तो तिकडे गेटाच्या आतच राहिला, पण त्याच्या स्कूटरला माझ्या घराचा रस्ता पाठ होता.

आता माझ्या जळफळाटाचं मूळ सांगतो. मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. विडी नाही, सिगरेट नाही, गुटखा तर नाहीच. लग्नकार्यात कुणी सुपारी पुढे केली तरी मी बडीशेप उचलायचो. आणि हा गृहस्थ सकाळी डोळे उघडले की तळहातावर चुना-तंबाखू मळायला बसायचा. याचा एक गाल कायम फुगलेला. मी त्याला नोकरीभर व्याख्यानं दिली. "अरे, कॅन्सर होईल तुला." तो म्हणायचा, "हओ, झाला की बघू."

झाला मला.

सुरुवात कानापासून झाली. घास गिळला की डाव्या कानात कळ यायची. मी कानात थेंब घालत राहिलो. मग एकदा दाढी करताना जबड्याखाली सुपारीएवढी गाठ बोटाला लागली, जी सुपारी मी जन्मात खाल्ली नव्हती. मित्राने मला स्कूटरवर मागे बसवून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी जिभेच्या मुळाशी बोट घालून चाचपलं, हातमोजा काढला आणि विचारलं, "तम्बाकू कब से खा रहे हैं?"

"कभी नहीं खाया."

"बाऊजी, यहाँ सब यही कहते हैं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी काही बोलायच्या आत मित्र म्हणाला, "नहीं साहब, ये सच बोल रहे हैं. खानेवाला मैं हूँ." डॉक्टरांनी त्याच्या दातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तो आप भी मुँह खोलिए."

त्याने तोंड उघडलं. डॉक्टरांनी टॉर्च मारला. खरं सांगतो, त्या मिनिटाला मी मनात म्हटलं, निघू दे. फार नको, पण याच्याही तोंडात काहीतरी निघू दे. डॉक्टरांनी टॉर्च बंद केला. "दाँत ख़राब हैं. बाक़ी ठीक है. छोड़ दीजिए ये सब." बाहेर आल्यावर याचा हात सवयीने खिशातल्या पुडीकडे गेला, मग माझ्याकडे बघून परत आला. त्यानंतर त्याने माझ्यासमोर कधी तंबाखू मळली नाही. बाहेर मळून यायचा. चुन्याचा वास मला यायचाच.

तुकडा काढून तपासायला गेला, रिपोर्ट आला, कॅन्सर निघाला. लोक म्हणतात, पायाखालची जमीन सरकते. माझी नाही सरकली. मला नुसता राग आला. चूक त्याची आणि शिक्षा मला, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. बायको देवापाशी जाऊन बसली. मुलगी बंगळूरहून आली, चार दिवस सगळ्या डॉक्टरांशी भराभरा हिंदी-इंग्रजीत बोलली आणि नोकरीमुळे परत गेली. राहिलो आम्ही दोघं, आणि तो.

इकडे रेडिएशनला सगळे सिकाई म्हणतात. पोळी शेकायची तशी माणसाची सिकाई. चैत्रात माझी सुरू झाली. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा केला होता. तो तोंडावर बसवून टेबलाला खटाखट अडकवायचे, म्हणजे मान हलायची सोय नाही. आत काही दुखत नसे. दुखणं पुढे सुरू झालं. बाहेर बाकावर आम्ही सगळे आपापल्या पाळीची वाट बघत बसायचो आणि मी प्रत्येकाकडे बघून जळत असे. ज्याची सिकाई संपत आली त्याचा हेवा. ज्याला नुसती हातावर गाठ होती त्याचा हेवा. रुग्णाबरोबर आलेला एखादा माणूस कागदी कपातून चहा पिताना दिसला की मला वाटे, उठून त्याचा कप हिसकावून घ्यावा.

कारण तोवर माझी चव गेली होती. आधी गोड गेलं, मग खारट. बायकोने केलेला मऊ वरणभात तोंडात घेतला की ओला पुठ्ठा चघळतो आहे असं वाटायचं. पुढे तोंड आतून सोलवटलं. थुंकी चिकट झाली, पाण्याचा घोट काचेसारखा उतरू लागला. वजन झरझर खाली आलं तसं डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घातली. "कुछ दिन की बात है, बाऊजी. खाना इसी से."

इथे आमच्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. माझ्या वडिलांनी मुंजीनंतर शिकवलं, ते मी कधी मोडलं नाही. ताट वाढलं की भोवती पाण्याची धार फिरवायची, उजव्या हाताला भाताच्या चार शितांच्या चित्राहुती ठेवायच्या, मग पहिला घास. बायको तिच्या माहेराहून दुसरी रीत घेऊन आली होती. नवरा जेवल्याशिवाय तिने जेवायचं नाही. मी पहिल्या पाळीला असायचो तेव्हा ती दुपारी तीनपर्यंत थांबायची. मी रागवायचो, "अगं, तू आपली जेवून घेत जा ना." ती म्हणायची, "तुमचं झाल्याशिवाय मला घास जात नाही हो." पुढे मला त्याची सवय झाली. मी जेवून उठायचो, हात धुवायचो, आतल्या खोलीत आडवा व्हायचो, आणि मग स्वयंपाकघरात तिचं ताट वाजायचं.

नळीत ती मोठ्या पिचकारीने गाळलेलं वरण, दूध, पातळ सातूचं पीठ सोडायची. ते थंड-थंड पोटात उतरायचं. जिभेला पत्ता नाही. मी भिंतीकडे बघत पडून राहायचो.

आणि एके दिवशी दुपारी, बाहेर लूचा गरम वारा सुटलेला असताना, आमच्या फाटकापाशी स्कूटर थांबली. डोक्याला गमछा गुंडाळलेला मित्र आत आला, माझ्या खाटेपाशी दोन मिनिटं बसला, "काय यार, आज तबियत कशी?" म्हणाला आणि उठून स्वयंपाकघरात गेला. मला वाटलं पाणी प्यायला गेला असेल. थोड्या वेळाने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग फोडणीचा वास आला. मग भुरका.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. तो रोज दुपारी येऊ लागला आणि ती रोज त्याला वाढू लागली. आणि काय काय वाढत होती! कैरीची डाळ. भरली वांगी. सोलाची कढी, जिची सोलं माझी बहीण कोकणातून पाठवायची, आणि जी एरवी माझ्याशिवाय या झाशीत कुणाला ठाऊक नाही. मी नळी लावून पडलेला आणि पलीकडे माझी कढी दुसऱ्याच्या नरड्यातून उतरत होती. ज्या नरड्याला आयुष्यभर तंबाखूचा रस लागला आणि तरी ज्याला ओरखडासुद्धा उठला नाही, त्या नरड्यातून!

मी बायकोला घोगऱ्या आवाजात विचारलं, "हा रोज का येतो?"

"भाऊजी तुम्हाला बघायला येतात."

"मला बघायला दोन मिनिटं. मग?"

"मग जेवतात. एवढ्या उन्हात आलेल्या माणसाला विचारायचं नाही का?"

तिने विषय तोडला. मी मनात तो जोडत राहिलो. याची स्वतःची बायको घरी आहे, चांगली सुगरण आहे, मग हा आमच्याकडे का गिळतो? आणि ती तरी? इतकी वर्षं माझ्यासाठी तासन् तास थांबणारी बाई, आता मी बाजूला पडलो तर दुसऱ्याच्या ताटात तूप वाढते. एकदा तो जेवताना बोललेलं ऐकू आलं, "वैनी, डाळीत गूळ जरा कमती टाकत जा ना." म्हणजे आता आमच्या आमटीची चवसुद्धा हा ठरवणार! मला रडू आलं, आणि थुंकी गिळता येत नव्हती म्हणून ते रडूही नीट रडता येईना.

मग एका दुपारी मी उठलो. भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. दार अर्धं लोटलेलं होतं. तो माझ्या खुर्चीत बसला होता. समोर माझं ताट, जे माझ्या आईने मला दिलं होतं आणि ज्यात घरात दुसरं कुणी जेवत नाही. बायकोने भात वाढला. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, माझ्या ताटाभोवती धार फिरवली आणि उजव्या हाताला, जिथे मी ठेवतो तिथेच, भाताची चार शितं ठेवली.

माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. जिवंतपणी माझं श्राद्ध चाललं होतं. नाही तर दुसऱ्याच्या नावाने जेवायला माणूस बसवतात ते कधी?

ओरडायला आवाज नव्हता. दाराशेजारच्या फडताळावर पितळी तांब्या होता, तो उचलून मी जमिनीवर आपटला. तांब्या गडगडत त्याच्या पायापर्यंत गेला. बायको किंचाळली. मी खोलीत येऊन खाटेवर बसलो, आणि ती पिचकारी घेऊन आली तेव्हा मी नळीचं तोंड मुठीत धरून ठेवलं. "नको. ज्याला वाढायचं त्याला वाढ," म्हटलं. ती रडायला लागली. मला तेच हवं होतं, असंही वाटलं.

तेवढ्यात तो आत आला. हात उष्टाच, बोटांना भात लागलेला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला चिडलेलं पाहिलं.

"तुला काय वाटतं, मला भूक लागते म्हणून येतो मी? घरी बारा वाजता माझी बायको जेवायला घालते मला. मग भर दुपारच्या धुपात इकडे येतो आणि परत जेवतो. पोट फुटायला आलंय यार! आणि ती डाळ! गूळ घातलेली डाळ! आमच्या घरात डाळ तिखट असते. पण मी खातो. हओ, पूर्ण खातो. का ते विचार तिला."

मी बायकोकडे पाहिलं. ती पदराआड रडतच होती. मग त्यानेच सांगितलं. मला नळी घातली त्या दिवसापासून ती जेवलीच नव्हती. सकाळी दूध, संध्याकाळी एखादं केळं, बस. सिकाईच्या बाहेरच्या बाकावर, मी आत मुखवट्याखाली असताना, तिला भोवळ आली. त्याने पाणी पाजलं, दटावून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की घरातल्या माणसाच्या ताटाला हात लागलेला नाही तर आपण कसं जेवायचं?

"तू मला जेवू घालत होतीस ना नळीतून," मी तिला म्हणालो. "ते काय होतं मग?"

"ते औषध हो. ते का जेवण?"

"मग मी काय केलं," मित्र म्हणाला, "मी म्हटलं, वैनी, आमच्या घराण्यात जुनी रीत आहे. माणूस लढाईवर गेला की त्याच्या ताटावर त्याचा भाऊ बसायचा. पाणी फिरवायचा, जेवायचा. मग घरच्या बाईला जेवायला मोकळीक. तुमचा नवरा लढाईवरच आहे समजा. तर त्यांनी मानलं."

बायको डोळे पुसत म्हणाली, "जुन्या घराण्यांमध्ये असतातच अशा रीती."

ती पिचकारी धुवायला आत गेल्यावर तो माझ्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "असली कुठली रीत नाही यार. मीच काढली."

तो बेसिनवर हात धुवून गेला. स्कूटर गेली. मी नळीवरची मूठ सोडली, आणि बायकोने वरणाचं पाणी सोडलं तसं गुमान पोटात जाऊ दिलं. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आता तर हेवा दुप्पट झाला. मी तिच्यासाठी करायला हवं होतं ते याने केलं होतं, वर त्यासाठी एक अख्खी रीत काढली होती. आणि मी काय केलं, तर तांब्या आपटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला म्हटलं, "माझं ताट मांड."

"अहो, तुम्हाला कुठे..."

"मांड."

ती मांडायला गेली. मी नाकातली नळी गालावर चिकटवलेली तशीच ठेवून चालत गेलो आणि माझ्या खुर्चीत बसलो. कित्येक आठवड्यांनी बसलो. तिने घाबरत घाबरत थोडासा भात वाढला, वर वरण, वर तूप. वास नाकापर्यंत येत होता, चवीचा पत्ता नव्हता. मी पाण्याची धार फिरवली. धार वाकडी होऊन टेबलभर पसरली. चार शितं उजव्या हाताला ठेवली. मग बोटाच्या टोकाने भाताला हात लावला आणि म्हटलं, "झालं. आता तू बस."

ती उभीच राहिली. एवढ्याने चालतं का, हे तिला ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. मित्र गमछा सोडत आत आला आणि मला खुर्चीत बघून थबकला.

"अरे वा. म्हणजे माझी ड्यूटी संपली?"

"नाही," मी म्हटलं, आणि ताट त्याच्याकडे सरकवलं. "पाणी मी फिरवलंय. जेवायचं तू. ही बसेल."

त्याने खुर्ची ओढली. डाळीकडे पाहून एक सुस्कारा टाकला आणि जेवायला लागला. पहिलाच भुरका घरभर ऐकू जाईल असा मारला. बायकोने शेवटी आपलं ताट घेतलं आणि आमच्या समोर बसली. भात वाढून घेतला आणि हात तसाच ठेवून इकडेतिकडे पाहू लागली.

मी म्हटलं, "जेव ना."

मित्राने तोंडातला घास न गिळताच मला कोपर मारलं. "लोणच्याची बरणी दे त्यांच्याकडे. वैनी आधी भातात नुसता खार कालवून घेतात. वरण मागून."

मी बरणी उचलली. माझ्या हाताशीच होती. लग्न होऊन आमचे केस पांढरे झाले, मुलगी मोठी होऊन दूर गेली, आणि माझी बायको पहिला घास कशाचा घेते हे मला ठाऊक नव्हतं. मी जेवून उठायचो, आणि माझ्यामागे ती जेवायची. या माणसाने एका उन्हाळ्यात तिच्यासमोर बसून ते पाहून ठेवलं होतं. त्याच्या धडधाकट घशाचा, त्याच्या भुरक्याचा, टॉर्चखाली स्वच्छ निघालेल्या त्याच्या तोंडाचा मी इतके दिवस हेवा केला होता. आताच्या या हेव्यापुढे तो काहीच नव्हता.

तिने खार भातावर ओतला, कालवला, छोटा गोळा केला आणि तोंडात घालताना डोळे क्षणभर मिटले. मग वरण घेतलं. मग पुन्हा भात मागितला. मी वाढला.

मित्र जेवून उठला, हात धुवून ओसरीवर गेला, आणि थोड्या वेळाने बाहेरून चुन्याचा वास आला. मी मात्र तिचं ताट रिकामं होईपर्यंत खुर्चीतून उठलो नाही.